घरी आलेला ओब्रेन

१

पोलादाची गिरणी बंद पडली त्या वर्षी त्र्यंबकअण्णांच्या शिवणाला बरकत आली. ऐकायला बरं वाटत नाही, पण झालं खरं तसं. हातचं काम गेलं की माणूस नवा कपडा घेत नाही. जुना सैल करून घेतो, उसवलेला शिवून घेतो. पेनसिल्व्हेनियातल्या त्या नदीकाठच्या गावात चौऱ्याऐंशी साली निम्मी घरं अशीच दिवस काढत होती, आणि विट्याचा एक म्हातारा शिंपी लेकीच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी बसून, त्यांच्या पँटी आखूड करत होता.

बायको गेल्यावर अण्णा लेकीकडे आले त्याला आता चार वर्षं झाली होती. लेक नीला इस्पितळात रक्त तपासायची. जावई श्रीरंग कामापायी सोमवार ते शुक्रवार बाहेरगावी. दिवसभर घरात अण्णा एकटे, आणि मन विट्याला. तिथं धाकटा भाऊ जगन्नाथ, त्याची बायको मालिनी आणि त्यांची उत्तरा. या पोरीला पाळण्यातल्या कुंचीपासून परकर-पोलक्यापर्यंत सगळं अण्णांनीच शिवून घातलेलं. येत्या वैशाखात तिचं लग्न होतं. घरातलं थोरलं माणूस म्हणून मांडवाच्या दारात अण्णांनी उभं राहायचं, हे ती पाचवीत होती तेव्हापासून ठरलेलं. तिकीट काढून झालं होतं. मरायच्या आधी आपल्या उंबऱ्यावर आपण उभं राहावं, याहून जास्त त्यांना काही नको होतं.

शेजारच्या घरात ल्युबा नावाची बाई राहायची. साठीची, विधवा, अंगानं भरलेली, बोलायला फटकळ. तिचा आजा ओब्रेन १९०७ साली सर्बिया देशातल्या एका डोंगरगावातून इथं भट्टीवर कामाला आला आणि इथंच मेला. अण्णांचं इंग्रजी मोडकं, तिला मराठी येणार कुठून. पण दोघांचं जमायचं. ती त्यांना 'टेलर' म्हणायची, हे तिला 'ल्युबाबाई' म्हणायचे. पोरंबाळं नाहीत, भाऊ-बहीण नाही. एक दिवस ती म्हणाली, टेलर, तुला परत जायला माणसं आहेत, मला कोण आहे? मी पण माझी माणसं शोधते बघ. आणि शोधायला लागली.

२

तिनं आज्याच्या गावच्या चर्चला पत्र घातलं. इथल्या चर्चमधले म्हातारे पाद्री तिला ते तिकडच्या भाषेत लिहून द्यायचे. ओब्रेन अमुकचा मुलगा, अमुक साली गाव सोडलं, त्याचं कुणी उरलं आहे का.

पत्राच्या उत्तराची वाट बघताना तिनं पेटीतून आज्याचं जाकीट काढलं आणि अण्णांकडे आणलं. काळ्या लोकरीचं, बिनबाह्यांचं, कडेनं गोफ शिवलेला. आज्यानं गावाहून येताना अंगावर घातलेलं. डावीकडे एकच खिसा, त्याखाली निखाऱ्यानं पडलेलं भोक होतं, ते कुणीतरी जुन्या काळी माशाच्या काट्यासारख्या टाक्यांनी सांधलेलं. अण्णांनी अस्तर तेवढं बदललं. तो जुना सांधा मात्र त्यांनी उसवला नाही. दुसऱ्याच्या हाताचं चांगलं काम उसवायचं नाही, असं त्यांच्या बापानं शिकवलेलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. ल्युबा ते हातात नाचवत आली. माणसं होती. एक चुलतभाऊ, त्याची बायको, नातवंडं, म्हातारी आत्या. सगळ्यांची नावं, वयं लिहिली होती. नीलाला सुट्टी होती, तिनं पाद्रीबाबांनी केलेलं इंग्रजी वाचून अण्णांना मराठीत सांगितलं. सांगता सांगता ती एका ओळीवर अडली.

तिथं लिहिलं होतं, ओब्रेनआजोबांची आठवण आम्ही रोज काढतो. १९१० साली ते अमेरिकेहून परत आले, तेव्हापासून याच घरात राहिले, आणि १९५४ च्या मार्चात गेले.

ल्युबा हसायला लागली. म्हणाली, गावाकडची माणसं, दुसऱ्याच कुणा ओब्रेनचं सांगताहेत. माझा आजा इथल्या डोंगरावरच्या दफनभूमीत आहे, मी स्वतः माती टाकली त्याच्यावर.

"मग झालं," नीला म्हणाली. "नाव सारखं असेल."

"कधी टाकली माती?" अण्णांनी विचारलं.

ल्युबाचं हसू जरा उतरलं. तिनं बोटांवर हिशेब केला. म्हणाली, चोपन्न. मार्च.

३

पत्रात एक फोटो होता. ल्युबा तो मागं ठेवून गेली, कारण त्यातल्या माणसाच्या अंगात जाकीट होतं आणि तिला ते आज्याच्या जाकिटाशी ताडून हवं होतं. शिंप्याच्या डोळ्याला कळेल, म्हणाली.

अण्णांनी सकाळच्या उजेडात फोटो खिडकीत धरला. मागं १९३१ असा आकडा. घरापुढच्या बाकावर चौघं पुरुष बसलेले, मांडीवर हात ठेवून. डावीकडून तिसरा, त्याच्या अंगात तेच जाकीट. तोच गोफ. खिशाखाली तोच माशाच्या काट्याचा सांधा. अण्णांनी जाकीट शेजारी ठेवलं आणि टाके मोजले. जाकिटावर अकरा. फोटोतल्या जाकिटावरही अकरा.

पण जाकीट तर सात सालापासून इथं, या गावात.

असतील एकाच शिंप्यानं शिवलेली दोन, अण्णा स्वतःशी म्हणाले. निखारा दोन्हीवर एकाच जागी पडला का, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही. ते फोटो खाली ठेवणार, तोच त्यांचा डोळा बटणांवर गेला.

पुरुषाच्या कपड्याला बटण उजवीकडे, काज डावीकडे. बायकांचं उलटं. हे शिंप्याच्या पोराला चालायच्या आधी कळतं. फोटोतल्या त्या माणसाचं जाकीट उलट्या बाजूला लागलं होतं. खिसा उलट्या बाजूला. सांधा उलट्या बाजूला. आरशात दिसावं तसं.

अण्णांना हायसं वाटलं. फोटो छापताना निगेटिव्हची काच उलटी पडली असेल. विट्याच्या फोटोवाल्याकडून असं दोनदा झालेलं त्यांनी पाहिलं होतं. मग त्यांनी बाकीच्या तिघांकडे पाहिलं. तिघांचीही बटणं जिथल्या तिथं होती. एकाच बाकावर, एकाच उन्हात, खांद्याला खांदा लावून चौघं, आणि त्यात तो एकटाच उलटा.

तो कॅमेऱ्याकडे शांतपणे बघत होता. चेहऱ्यावर कुठं राग नाही, लोभ नाही. घरात बसलेल्या माणसाचा चेहरा.

४

त्यानंतर ते जाकीट अण्णांना खोलीत नकोसं झालं. दिवसाढवळ्या, बरं का. बाहेर ऊन, रस्त्यावर टपालवाला, आणि हे खुर्चीच्या पाठीवर टांगलेल्या कपड्याकडे पाठ करून बसायला घाबरतात. पूर्वी गिरणीची घरघर असायची, तिच्यात घराचे बारीक आवाज बुडून जायचे. आता घरघर नव्हती. लाकूड कुरकुरलं की कळायचं. अण्णा मनाशी म्हणायचे, अरे त्र्यंबक, जन्मभर मेल्या माणसांचे कपडे पोरांच्या मापाला कापून दिलेस, आणि आता लोकरीला भितोस? मन म्हणायचं, नाही भीत. पाठ म्हणायची, खुर्ची समोर घे.

चौथ्या दिवशी ते स्वतःच जाकीट परत करायला गेले. ल्युबा स्वैपाकघरातल्या टेबलाशी कागद पसरून बसली होती. फटकळपणा कुठं गेला होता कुणास ठाऊक. अण्णांनी बोटानं तिला बटणं दाखवली. तिनं बराच वेळ पाहिलं आणि फोटो पालथा घातला.

मग तिनं आज्याचा पासपोर्ट पुढं सरकवला. बत्तीस सालचे शिक्के होते. आजा एकदाच गावाकडे गेला होता. जायला बोटीचे पंधरा-सोळा दिवस, यायला तितकेच. आणि मधे तिकडच्या जमिनीवर अवघे चार दिवस. पंचवीस वर्षांनी गेलेला माणूस, आणि चार दिवस.

ती तेव्हा आठ वर्षांची होती. आजा परत आला तो तिला आठवत होता. याच खुर्चीत बसला, टोपी न काढता. आजीनं विचारलं, भेटली का माणसं? तर एवढंच म्हणाला, घरात सगळे होते. पुढं बावीस वर्षं जगला, पण गावाचं नाव काढलं नाही. ल्युबा म्हणाली, मला वाटायचं, माणसांना भेटून आज्याला आनंद झाला म्हणून तसं म्हणाला.

अण्णांना तिचं इंग्रजी निम्मं कळलं. तेवढं पुरेसं होतं.

५

तिनं पुन्हा पत्र घातलं. या खेपेला नुसतं विचारलं, तो परत कसा आला?

उत्तर मार्चच्या अखेरीस आलं. ल्युबानं ते एकटीनं वाचलं नाही. नीलाला आणि अण्णांना बोलावून घेतलं आणि कागद नीलाच्या हातात दिला. नीला सावकाश मराठी करत गेली.

आमच्या घराण्याच्या संताचा वर्षातून एक दिवस असतो, असं त्या चुलतभावानं लिहिलं होतं. म्हणजे आपला कुलाचारच म्हणा ना, असं नीलानं मधे घातलं. त्या दिवशी मेणबत्ती लावतात, गोल भाकर मोडतात, आणि आमच्या घरात जो लांब गेला असेल त्याचंही ताट मांडतात. पणजी दार उघडून अंगणात त्याच्या नावानं हाक मारायची. जेवणं झाली की त्याचं ताट उचलायचं आणि दार लावून घ्यायचं, असा रिवाज. पहिल्या वर्षी तिनं ओब्रेनचं ताट उचललं. दुसऱ्या वर्षी तिचा जीव होईना. पोराचं ताट आपल्या हातानं कसं उचलू, म्हणाली. ताट राहिलं, दारही नुसतं लोटलेलं राहिलं. तिसऱ्या वर्षी बर्फातनं तो आला आणि ताटावर बसला. कुणी काही विचारलं नाही. पणजी इतकी आनंदात होती.

चांगला माणूस होता, पुढं लिहिलं होतं. कामसू. अमेरिकेचं कधी बोलला नाही. बत्तीसच्या उन्हाळ्यात एक परका माणूस आमच्या आलुबुखारच्या बागेत येऊन उभा राहिला, डोक्यावर शहरी टोपी. दुपारभर आमच्या जेवायच्या टेबलाकडे बघत होता. आत्या तेव्हा लहान होती, तिला एवढंच आठवतं की आमची कुत्री त्याच्यावर भुंकली नाहीत. शेपट्या हलवत त्याच्या पायाशी गेली. मग तो निघून गेला.

नीलानं कागद ठेवला. "काहीतरी फॅमिली स्टोरी असते ना, तसं असेल," ती म्हणाली. "ओल्ड पीपल मिक्स-अप करतात."

ल्युबा खिडकीतून डोंगराकडे, दफनभूमीकडे बघत होती. अण्णा टेबलाची कड धरून बसले होते. पण ते ओब्रेनचा विचार करत नव्हते.

६

दोन वर्षांपूर्वी जगन्नाथनं विट्याच्या घराचा मागचा सोपा पाडून नवा बांधला आणि वास्तुशांत केली. थोरल्यानं पूजेला बसायचं, तर थोरला अमेरिकेत. गुरुजी म्हणाले, अडत नाही, त्यांच्या नावानं पाटावर सुपारी मांडू. बाई जवळ नसली तर पुरुष कमरेला सुपारी लावून पूजेला बसतो, त्यातलाच प्रकार. अण्णांच्या पाटावर सुपारी ठेवली, नाव-गोत्र उच्चारून आवाहन केलं, हळदीकुंकू, नैवेद्य, सगळं झालं. मालिनीनं हौसेनं पत्रातून कळवलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, की गुरुजींनी अक्षता टाकून विसर्जन करायला सांगितलं तेव्हा माझा हात उठला नाही. अण्णांना आपल्याच घरातनं जा कसं म्हणायचं? सुपारी मी पाटासकट देवघरात ठेवली आहे. रोज दोन घास दाखवते.

ते पत्र वाचून अण्णांचे डोळे भरून आले होते. माणसं असावीत तर अशी, म्हणून त्यांनी ते ल्युबालाही सांगितलं होतं.

आता त्यांनी घरी येऊन ट्रंकेतून जगन्नाथची सगळी पत्रं काढली आणि ओळीनं लावली. चौथी शिकलेला माणूस, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचणारा. सबंध दुपार गेली. आधीच्या पत्रांत जगन्नाथ शंभर गोष्टी विचारायचा. अण्णा, विहिरीच्या वाटणीचं काय बोलणं झालं होतं? अण्णा, मुलाकडच्यांना होकार देऊ का? गेल्या दिवाळीपासून एकही प्रश्न नव्हता. होकार कुणाला विचारून दिला, तेही नव्हतं.

असेल, पोरगं शहाणं झालं असेल, अण्णा म्हणाले. पन्नाशीला आलाय.

सर्वांत वर उत्तराचं पत्र होतं, लग्नपत्रिकेबरोबर आलेलं. ते त्यांनी आधी घाईघाईनं वाचलं होतं. आता सावकाश वाचलं. खाली, सही करायच्या आधी, तिनं लिहिलं होतं, 'अण्णाकाका, शालूवरचं पोलकं अगदी बेतात बसलं. मापही न घेता कसं हो शिवलंत?'

अण्णांनी कुठलंही पोलकं शिवून पाठवलं नव्हतं.

७

नीलानं ऑपरेटरकडे विट्याचा कॉल बुक केला. अण्णांना लग्नाचं बोलायचं असेल, असं तिला वाटलं. शनिवारची सकाळ होती, श्रीरंग बाजाराला गेलेला. तिकडे दिवेलागण. अण्णा पुढच्या खोलीत फोनशी बसले. नीला स्वैपाकघरात चहा करत होती. तिथल्या भिंतीवर याच फोनचा दुसरा जोड होता.

घंटी वाजली. खरखर झाली, समुद्राखालून यावा तसा जगन्नाथचा आवाज आला. अण्णांनी मांडवाची चौकशी केली, व्याह्यांची केली. जगन्नाथ नुसतं हो हो म्हणत होता, घाईत असल्यासारखा. आणि त्याच्या आवाजाच्या मागं शिवणयंत्र चालू होतं.

प्रत्येक शिंप्याचा पाय निराळा. कुणाचं यंत्र पावसासारखं एकसारखं पडतं, कुणाचं गचके खातं. अण्णांचा उजवा घोटा लहानपणापासून आखडलेला. त्यांचं यंत्र दोनदा लांब, एकदा आखूड असं चालायचं. आळीतली माणसं रस्त्यावरूनच म्हणायची, त्र्यंबक बसला कामाला. ते यंत्र अण्णांनी येताना स्वतः कुलूप लावून ठेवलं होतं. घरात दुसऱ्या कुणाला शिवता येत नव्हतं. जगन्नाथनं आयुष्यभर कापड नुसतं विकलं.

लांब, लांब, आखूड. लांब, लांब, आखूड.

"कोण शिवतंय रे?" अण्णांनी विचारलं.

जगन्नाथनं पुन्हा मांडवाचं काढलं.

"जगू, कोण शिवतंय, विचारलं मी."

"अण्णा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "सगळं नीट चाललंय हो. मालिनीचा दमा गेला. घरात भांडण नाही, तंटा नाही. कशाला आता..." आणि मग कुणीतरी खूण केल्यासारखा थांबला. "थांबा. देतो त्यांच्याकडे."

यंत्र थांबलं. चपला सरकल्या. कुणीतरी सावकाश चालत येत होतं, कसलीच घाई नसलेल्या माणसासारखं. अण्णांना रिसीव्हर खाली ठेवायचा होता. हात ऐकेना.

"नमस्कार, पाव्हणं," तिकडून आवाज आला. मवाळ, मायेचा. "लग्नाला अगत्यानं यायचं बरं का. संकोच करू नका. घर आपलंच समजा."

अण्णांना आवाज ओळखता आला नाही. स्वतःचा आवाज कुणाला ओळखता येतो?

"बाबा, असं काय बोलताय?" नीला म्हणाली. तिनं स्वैपाकघरातला रिसीव्हर उचलला होता. अण्णांना ती दारातून पाठमोरी दिसत होती. "पाव्हणं काय? लाइनवर जगूकाका आहे ना?"

ती हसत वळली, आणि तिनं पाहिलं की अण्णांचं तोंड मिटलेलं आहे. तिचं हसू तसंच राहिलं. चहा उतू जाऊन शेगडीवर चरचरला.

"नीला का?" फोनमधला आवाज म्हणाला. "बरी आहेस ना, बाळ? किती दिवसांनी ऐकतोय तुला. येशील ना लग्नाला?"

नीलाचे ओठ हलले. ती उत्तर देणार होती. लहानपणापासून ज्या आवाजाला ओ दिली, त्याला ओ देणारच होती.

"नीला, ठेव तो," अण्णा म्हणाले. तिनं ऐकलं नाही. अण्णांनी आपला रिसीव्हर दोन्ही हातांनी तोंडाशी धरला. जन्मात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला माणूस. तेव्हाही तो हळूच बोलला.

"आम्हाला नाही जमायचं यायला. तिला नाही, मला नाही. कधीच नाही जमायचं. तुम्ही आहातच तिथं."

तिकडून विट्याच्या घरातला आवाज ऐकू येत होता. भांडी, मालिनीचं बोलणं, उत्तराचं हसणं.

"हो," तो म्हणाला. "मी आहे."

रिसीव्हर ठेवला गेला नाही. कुणीतरी तो नुसता बाजूला टेकवला असावा. चपला दूर गेल्या, स्टूल सरकलं, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. अण्णा ऐकत बसले. ऑपरेटरनं लाइन तोडेपर्यंत ते ऐकत बसले, आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर आपोआप हलत होता.